माजघरातील शाळा

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या युनियनच्या कचेरीत एक तरुण जोडपे आले. आमच्याकडे येणारा माणूस बहुधा हातात नोटीस घेऊन येतो. कोणाला कामावरून कमी केलेले असते, कोणाची ग्रॅच्युइटी अडकलेली असते. या दोघांच्या हातात कागद नव्हता. त्यांनी आपल्या दोन्ही मुलांना शाळेतून काढले होते आणि घरीच शिकवावयाचे ठरविले होते. गणिताची त्यांना धास्ती नव्हती, शास्त्राचीही नव्हती. अडले होते ते भाषेपाशी. मुले भराभर वाचतात, पण चार ओळी लिहावयास सांगितल्या तर पेन चावीत बसतात. बोलतात ते अर्धे इंग्रजी, अर्धे मराठी, आणि दोन्ही उसने. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही सहावीपर्यंतच शाळेत गेलात असे आम्ही ऐकले. मग भाषणे करण्याइतकी, पत्रके लिहिण्याइतकी भाषा तुमच्याकडे आली कोठून?"

खरे सांगावयाचे तर मला प्रथम रागच आला. कामगाराचे पोर चहाच्या टपरीवरून उचलून शाळेत बसवावे म्हणून ज्या चळवळीने शंभर वर्षे घसा फोडला, त्या चळवळीच्या कचेरीत येऊन कोणी आपण होऊन शाळा सोडल्याचे सांगतो, हे मला झेपेना. परंतु प्रश्न सरळ होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. "वाचून सांगतो," असे म्हणून मी त्यांची बोळवण केली. त्या वाचनास वर्ष लागले. व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा डोक्यात हाच घोळत होता. तोच आपल्यापुढे ठेवीत आहे.

घरी शिकविणे ही काही परदेशातून आलेली नवी टूम नव्हे. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात ज्या बायका लिहू लागल्या त्यांतील बऱ्याच जणींची शाळा माजघरात भरत असे, आणि ती चोरून किंवा रात्री भरत असे. त्यांच्या हकिकती त्यांनी स्वतः लिहून ठेविल्या आहेत. त्या वाचताना मी एकच गोष्ट शोधीत होतो: या बायकांना भाषा नेमकी कशाने आली?

पहिली हकिकत पंडिता रमाबाईंची. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडील. तरुणपणी ते पुण्यास विद्येसाठी होते, आणि त्यांच्या गुरूंकडे पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकविण्याचे काम होते. स्त्री संस्कृत शिकू शकते हे त्या विद्यार्थ्याने तेथे पाहिले आणि ते त्याच्या मनात रुतून बसले. घरी परतल्यावर पहिल्या पत्नीला शिकविण्याचा त्यांनी यत्न केला, तो वडीलधाऱ्यांनी चालू दिला नाही. पुढे चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांचे दुसरे लग्न झाले ते नऊ वर्षांच्या मुलीशी. त्या लग्नाची तरफदारी करण्याचे मला कारण नाही. परंतु ही मुलगी, लक्ष्मीबाई, नवऱ्यापाशी संस्कृत शिकली. त्याबद्दल अनंतशास्त्र्यांना उडुपीच्या धर्मसभेपुढे उभे राहून शास्त्राधार दाखवावे लागले. मग ते रानात जाऊन राहिले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रानातील घर म्हटले की एकांत डोळ्यांपुढे येतो; तसे ते नव्हते. तेथे विद्यार्थी राहत, यात्रेकरू उतरत, सर्वांना जेवण असे. इतके की त्या पाहुणचारापायी कर्ज झाले आणि रान सोडावे लागले. त्या वेळी रमा सहा महिन्यांची होती. वेताच्या पेटीत घालून हमालाच्या डोक्यावरून तिला डोंगराखाली उतरविले. तेथून पुढे वर्षानुवर्षे हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत राहिले. पोटाचा उद्योग पुराण सांगण्याचा. देवळात, घाटावर, झाडाखाली बसावयाचे, पोथी वाचावयाची, आणि ऐकणारे जे धान्य, पैसा, फळ ठेवतील त्यावर चूल पेटवावयाची.

या फिरत्या घरात रमेची शाळा होती. वडील थकलेले होते, म्हणून शिकविण्याचे काम आईकडे आले. आठव्या वर्षी धडे सुरू झाले ते पंधराव्यापर्यंत चालले. दिवसभर आईला पाणी, स्वयंपाक, पाहुणे, आजारी नवरा. शिकवावयास वेळ उरे तो उजाडण्यापूर्वीचा. झोपेत असलेल्या पोरीला मांडीवर घेऊन, गोंजारून जागे करावयाचे आणि तोंडपाठ म्हणून घ्यावयाचे. मी गिरणगावात वाढलेला माणूस असल्यामुळे मला हे वाचताना पहिल्या पाळीचा भोंगा ऐकू आला. या बाईने घरकामाची दिवसपाळी सुरू होण्याआधी आणखी एक पाळी बिनपगारी केली, आणि तीही सात वर्षे. घरच्या शाळेचे गुण गाणाऱ्यांनी हा हिशेब मांडल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. रमाबाईंनी मात्र तो मांडला आहे. त्यांच्या लिखाणात शिक्षणाचे सारे श्रेय आईकडे जाते.

आता भाषेचे पाहा. संस्कृत त्या नेमाने शिकल्या. व्याकरण, कोश, भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. मराठी मात्र त्या कधी नेमाने शिकल्या नाहीत, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. आईवडील घरात शुद्ध बोलत, ते कानावर पडे. आणि मराठी वर्तमानपत्रे व पुस्तके वाचण्याची सवय होती. तेवढ्याने मराठी आली. प्रवासात कानडी आली, हिंदुस्थानी आली, पुढे बंगालीही आली. या भाषांना पाठ्यपुस्तक नव्हते. बाजारात विचारावयाचे, धर्मशाळेत जागा मागावयाची, पुराणाला बसलेल्या माणसाला अर्थ सांगावयाचा, अशा गरजेतून त्या आल्या. ऐकणारा कंटाळून उठून गेला तर त्या दिवशी ताटात कमी पडे. इतकी कडक परीक्षा कोणत्याही बोर्डाने घेतलेली नाही!

१८७४ साली मद्रास इलाख्यातील दुष्काळाच्या दिवसांत आधी वडील गेले, मागोमाग आई गेली, मग थोरली बहीण. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८२ साली त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी मराठीत 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. इंग्रजीचा नीट अभ्यास त्यांनी विशी ओलांडल्यावर केला. तरी १८८७ साली अमेरिकेत त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. शेवटच्या काळात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून त्यांनी अख्खे बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या तेव्हा ते काम नुकतेच पुरे होत आले होते. लहानपणी इंग्रजी आली नाही तर मूल मागे पडेल, या धास्तीने ज्यांची झोप उडते त्यांनी ही सनावळी एकदा नजरेखालून घालावी.

विलायतेतही अशीच एक घरची शाळा गाजली होती, ती जॉन स्टुअर्ट मिल्लची. १८०६ साली जन्मलेल्या या मुलाला बाप जेम्स मिल्ल याने तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकवावयास घेतले. बाप ज्या टेबलाशी ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास लिहीत बसे, त्याच टेबलाशी हा पोरगा ग्रीक वाची. ग्रीक-इंग्रजी कोश त्या वेळी नसल्याने प्रत्येक अडलेला शब्द बापाला विचारी, आणि बाप लेखणी थांबवून सांगे. (हिंदुस्थानात पाऊल न टाकता त्या गृहस्थाने आपला इतिहास कसा लिहिला, तो निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे.) सकाळी फिरावयास जाताना मुलाने आदल्या दिवशी वाचलेले चिठ्ठ्यांवर टिपून ठेवायचे आणि चालता चालता बापाला सांगावयाचे. सांगता आले नाही तर वाचलेच नाही, असा तेथला कायदा. मुलगा मोठा विद्वान झाला; पण विसाव्या वर्षी त्याचे मन असे खचले की कशात गोडी उरेना. बरोबरीच्या मुलांत तो कधी मिसळलाच नव्हता. हे त्याने आत्मचरित्रात झाकून ठेविलेले नाही.

पुन्हा आपल्या घराकडे येतो. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू करण्यात ज्यांचा पुढाकार होता, त्या न्यायमूर्ती रानड्यांच्याच घरात एक माजघर-शाळा चालू होती. १८७३ च्या डिसेंबरात त्यांचे दुसरे लग्न झाले. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता वडिलांच्या आग्रहापुढे नमला आणि अकरा वर्षांच्या मुलीचा नवरा झाला. लोकांनी त्याबद्दल त्यांना बोल लावला तो योग्यच होता. मुलीला, म्हणजे रमाबाईंना, अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी पाटी घेऊन तिला शिकवावयास प्रारंभ केला, पुढे शिक्षिका ठेविली, आणखी पुढे इंग्रजी.

रमाबाईंनी १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' प्रसिद्ध केल्या, त्यात या शिक्षणाची दुसरी बाजू आहे. घरातील बायकांनी टोमणे मारावे, अबोला धरावा, कामे लावावी. नवऱ्याने शिकण्याचा आग्रह धरावा. आणि मधल्या मध्ये पोरीने दोन्हीकडे तोंड द्यावे. ज्या बायका तिला छळीत त्या वाईट होत्या असे मला वाटत नाही. ज्या गोष्टीपासून आपल्याला जन्मभर दूर ठेविले ती या कालच्या पोरीला फुकट मिळते, हे कोणाला सोसेल? नव्या यंत्रावर नवा पोरगा बसविला की जुने कामगार त्याच्याशी कसे वागतात हे मी पाहिले आहे.

परंतु भाषेच्या दृष्टीने या घरातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रानड्यांना डोळ्यांचा त्रास असे, आणि वाचून दाखविण्याचे काम रमाबाईंकडे आले. वर्तमानपत्रे, पुस्तके मोठ्याने वाचावयाची. ऐकणारा माणूस हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोहोचलेला. अडखळून चालत नाही, न समजता वाचूनही चालत नाही. कारण न समजलेले वाक्य मोठ्याने वाचले की त्याचा आवाजच खोटा येतो. हा अभ्यास वर्षानुवर्षे घडला, आणि त्याला कामाचे स्वरूप होते. त्या पुस्तकातील सरळ, निवांत मराठी कोठून आली, याचे माझ्यापुरते उत्तर यात आहे.

या शाळेची काळी बाजू पाहावयाची तर आनंदीबाई जोशी यांच्याकडे पाहावे. नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव पोस्टातील नोकर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठा, बायकोला शिकविण्याच्या ध्यासाने झपाटलेला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. १८८३ साली ती एकटी अमेरिकेस गेली, १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारली, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात तिने लहानपणच्या माराची आठवण काढली आहे: दहाव्या वर्षी लाकडाचा, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्यांचा आणि पुस्तकांचा. पुस्तक शिकवावयासही उपयोगी आणि मारावयासही. चार भिंतींच्या आत मास्तर काय करतो हे पाहावयास तेथे इन्स्पेक्टर येत नाही. शाळेत मारणाऱ्या मास्तरावर आज कायद्याचा धाक आहे. घरच्या मास्तरावर कोणाचा?

मात्र तिच्या लिहिण्याबद्दल एक सांगितले पाहिजे. न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंशी तिचा पत्रव्यवहार अमेरिकेस जाण्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. कधी न पाहिलेल्या, आपल्या चालीरीती ठाऊक नसलेल्या बाईला आपले घर, सण, लग्न, दुखणी समजावून सांगावयाची, तीही परक्या भाषेत. समोरच्याला काय ठाऊक नाही याचा विचार करीत लिहावे लागले. निबंधाच्या वहीत ही अडचण येत नाही, कारण मास्तराला 'पावसाळ्यातील एक दिवस' आधीच ठाऊक असतो.

लक्ष्मीबाई टिळकांविषयी फार लिहीत नाही. 'स्मृतिचित्रे' आपण सर्वांनी वाचलेले असेल, नसेल तर आज घरी जाताना ग्रंथालयातून घेऊन जावे. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. नारायण वामन टिळकांनी त्यांना वाचावयास शिकविले. उतारवयात त्यांनी आठवणी लिहिल्या त्या बोलल्यासारख्या. टिळकांनी अपुरे ठेविलेले 'ख्रिस्तायन' हेही त्यांनीच पुरे केले. आणि खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना तर अक्षरही येत नव्हते. त्यांच्या ओठांवरची गाणी मुलाने आणि नात्यातल्या माणसाने कागदावर उतरून घेतली, ती १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. भाषा आधी जात्यापाशी येते, शेतात येते. अक्षर मागाहून येते. ज्या घरात जात्याची जागा मिक्सरने घेतली आणि गप्पांची जागा मोबाईलने, तेथे अक्षर आधी आणून काय होणार, अशी शंका मला त्या जोडप्याच्या घरी गेल्यावर आली. मुलांना मराठीत 'उलथने' म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. ओट्यावर ते तीन होते.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, युनियनवाला शाळेच्या विरुद्ध गेला. थांबा. मी ज्या घरांची नावे घेतली ती कोणाची घरे होती? शास्त्र्यांची, न्यायाधीशांची, पोस्टातील कारकुनाची, कवीची. घरात निदान एकाला तरी अक्षर होते. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या अक्षर शिरू दिले नव्हते त्यांनी काय करावयाचे होते? जोतीराव फुल्यांनी सावित्रीबाईंना घरीच शिकविले हे खरे. पण जोतीराव स्वतः शाळेत गेलेले होते. आणि सावित्रीबाई घरी शिकून घरी बसल्या नाहीत. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठी शाळा निघाल्या. त्या शाळांपैकी एकीत शिकलेल्या मुक्ता साळवे या पोरवयातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. तिच्या घरी दुःख होते, बोली होती, धारही होती, पाटी नव्हती. ती शाळेने दिली. त्या निबंधात एकही ओळ 'निबंध म्हणून' लिहिलेली नाही.

योगायोग असा की १८८२ साली हंटर कमिशन पुढे आले तेव्हा या दोन्ही बाजू त्याच्यापुढे मांडल्या गेल्या. जोतीरावांनी निवेदन दिले: प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा. आणि रानावनात, घाटावर, आईच्या मांडीवर शिकलेल्या पंडिता रमाबाईंनी काय सांगितले? घरीच शिकवा, असे सांगितले नाही. मुलींसाठी स्त्री-शिक्षिका तयार करा, त्यांना स्वतःची भाषा शुद्ध आली पाहिजे, तपासणीसही स्त्रिया नेमा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. घरच्या शाळेतील सर्वांत नामांकित विद्यार्थिनीने इतरांसाठी शाळाच मागितली. आपल्या आईसारखी आई आणि वडिलांसारखे वडील लाखांत एक, हे तिच्याइतके कोणास ठाऊक असणार?

सक्तीच्या शिक्षणाचे पुढे काय झाले ते आपणांस माहीत आहे. गोखल्यांनी १९११ साली विधेयक आणले, १९१२ साली ते नामंजूर झाले. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात ते करून दाखविले. देशभर हक्क म्हणून कायदा व्हावयास २००९ साल उजाडावे लागले. मधल्या काळात मुंबईच्या कामगाराला अक्षर मिळाले ते रात्रशाळांतून आणि फिरत्या वाचनालयांतून. ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग १९११ साली निघाली, तिने हे काम पुष्कळ केले. ज्यांना तेही मिळाले नाही त्यांनी रस्त्यावर अक्षर उचलले. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले, आणि १९३१ साली आईवडिलांबरोबर चालत मुंबईस आले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे हे त्यांचे बालबोध पुस्तक. त्यांचीच 'फकिरा' १९५९ साली आली.

आता त्या बाईंच्या मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण तो चुकविणे बरे नव्हे.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. तीन-चार महिन्यांत खोलीतील भांडी विकावयाची वेळ आली आणि आई आम्हांस घेऊन पाटण तालुक्यातील गावी गेली. वडील मुंबईत राहिले. गावच्या शाळेने दाखल्यावाचून घेतले नाही, मुंबईच्या शाळेने आज या, उद्या या करीत दाखला दिला नाही. ते वर्ष गेले आणि पुढची सारी गेली. त्या दिवसांत मी स्वतःला वाया गेलेला समजत असे.

गावात त्या वर्षी घरटी एक माणूस मुंबईत संपावर होता. बायकांना पत्रे लिहावयाची असत आणि लिहिणारा पोस्टमन आठवड्यातून दोनदा येई, तोही घाईत. कोणीतरी मला पकडले. दुपारी पडवीत पोस्टकार्डे घेऊन बायका बसत. एक सांगे, मी लिही. मी पुस्तकी थाटात सुरुवात करी, "आपले कृपापत्र पोहोचले, मजकूर कळला." लिहून झाले की ती म्हणे, "आता वाच." मी वाची. मग ती मान हलवी. "मी असं म्हणाले न्हाई. मी म्हणाले, गाय आटली. तू लिवलंस दूध कमी झालं. आटली म्हंजे आटली." कार्ड एवढेसे, खोडले तर जागा जाई, आणि दुसरे कार्ड घेण्यास पैसा नाही. म्हणून लिहिण्याआधी सगळे ऐकून घ्यावयाचे, मनात जुळवावयाचे, मग टाक टेकवावयाचा. रागावलेली बाई काय बोलते आणि तिला नवऱ्याला कळावयास काय हवे आहे, या दोहोंतील फरक मला त्या पडवीत कळला. आजही मालकाला पत्र लिहिताना तोच उपयोगी पडतो.

संध्याकाळी आजी पोथी वाचावयास लावी. तिला अक्षर येत नव्हते, पण श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' चातुर्मासात इतक्यांदा ऐकलेला की एक शब्द गाळला तरी ती वातीकडे पाहता पाहता म्हणे, "मागं जा." मला पुष्कळ वर्षे वाटे की मी अशिक्षित माणसांत वाढलो. रमाबाई रानड्यांची आठवण वाचली तेव्हा प्रथम लक्षात आले की त्या दोघींनाही ऐकणारा सारखाच कडक मिळाला होता. म्हणजे रमाबाईंना न्यायमूर्ती, आणि मला माझी आजी.

मुलाला शाळेपर्यंत येता येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हे आपल्याकडे ताराबाई मोडकांनी करून दाखविले. त्यांनी १९४५ साली बोर्डीस काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले गुरांमागे जात तर त्यांनी आणि अनुताई वाघांनी कुरणात शाळा भरविली. 'अंगणवाडी' हा शब्द आता सरकारी पाटीवर आहे. त्यातील अंगणाचा अर्थ मूळचा हा.

त्या जोडप्याला मी काय सांगितले? शाळेत घाला, असे एकदा सांगितले. त्यांनी ऐकले नाही, आणि तो त्यांचा अधिकार आहे. दहावीची परीक्षा मुक्त विद्यालयातून देता येते, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होते. मग म्हटले, मुलांना वाचावयास लावता ते कोणासाठी? लिहावयास लावता ते कोणाला? घरात तुमच्याशिवाय येते कोण? बाई गप्प बसल्या. त्यांच्या सोसायटीच्या फाटकावर रखवालदार नोंदवही घेऊन बसतो. नाव लिहिल्याशिवाय मलाही आत सोडले नव्हते. अनंतशास्त्र्यांच्या रानाला फाटक नव्हते. दुसरे विचारले ते गृहस्थांना: हे सगळे शिकविणार कोण, तुम्ही की बाई? आणि बाईंच्या नोकरीचे काय? त्याचे उत्तर त्यांनी त्या दिवशी दिले नाही. अजूनही दिलेले नाही.

त्यांचा थोरला मुलगा दहा वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीपासून दर रविवारी तो आमच्या कचेरीत येतो. तेथे गिरणीतील जुनी माणसे येतात, कोणी घरासाठीच्या अर्जाचे, कोणी फंडाचे काम घेऊन. कोणाचे डोळे गेले आहेत, कोणास मुळातच अक्षर नाही. मुलगा त्यांचे अर्ज लिहून देतो. पहिल्या रविवारी एका वृद्ध गृहस्थांनी तासभर आपली हकिकत सांगितली. कांडीखाते, बदलीचे दिवस, संप, गाव, मेलेला भाऊ. पोराने ती सात ओळींत उतरविली आणि मोठ्या ऐटीने वाचून दाखविली. म्हाताऱ्याने ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाला, "बाळा, अक्षर छान आहे तुझं. पण हे मी बोललो नाही."

पोराने माझ्याकडे पाहिले. मी दुसरा कोरा कागद त्याच्यापुढे सरकविला.